अर्ध्या इंचाला एक फूट

प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्या जुळवणाऱ्यांत एक ठरलेली रीत आहे. ऐंशीच्या दशकातली गाडी हाती आली की तिला आधी खाली बसवायचं. स्प्रिंगांची जागा कापायची, चाकं रुंद करायची, मागे पंख नसेल तर पंख लावायचा. मी हे सगळं उलट्या दिशेनं केलं. तामिया कंपनीच्या रोव्हर व्हिटेस मॉडेलचा पंख बाजूला ठेवला, त्याच्या जागेवरच्या खुणा पुटीनं बुजवल्या, अलॉय चाकं काढली आणि गाडी दोन मिलिमीटर वर उचलली. एकास चोवीस या प्रमाणात ते खऱ्या गाडीचे जवळजवळ पाच सेंटिमीटर होतात. मला व्हिटेस करायचीच नव्हती. मला हवी होती मद्रासची स्टँडर्ड २०००.

आज ही गाडी फार कुणाला आठवत नाही. स्टँडर्ड हेराल्ड आठवते, गॅझेल आठवते. त्या बंद झाल्यावर मद्रासची ही स्टँडर्ड कंपनी काही वर्षं व्हॅनवर तगून होती. मग १९८५ मध्ये तिनं ब्रिटिश रोव्हर एसडी-१ भारतात आणली. मूळ गाडी १९७६ ची, डेव्हिड बाश यांच्या आरेखनातून आलेली. तिच्या तोंडावळ्यात फेरारी डेटोनाची छाप उघड दिसते. १९७७ ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ तीच. व्हिटेस हा तिचा सगळ्यात तेज अवतार: साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, १९० अश्वशक्ती.

मद्रासला मात्र त्या देखण्या बॉनेटखाली १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन बसलं. त्याचं घराणं थेट चाळिशीच्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डपर्यंत जातं. त्याच घराण्याची इंजिनं फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरलाही होती आणि ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारलाही. ताकद व्हिटेसच्या निम्म्याहून कमी. वर आपल्या रस्त्यांसाठी गाडी उंच केलेली. म्हणजे एका डब्यातली बॉडी, दुसऱ्या डब्यातलं इंजिन आणि हाताशी होतं ते सस्पेन्शन. मॉडेलवाले हेच करतात आणि त्याला किटबॅशिंग म्हणतात. मद्रासच्या कारखान्यानं ते एकास एक प्रमाणात केलं होतं. १९८८ पर्यंत उत्पादन थांबलं. उरलेले सुटे भाग पुढे एका ब्रिटिश व्यापाऱ्यानं विकत घेऊन इंग्लंडला परत नेले.

आमच्या कोल्हापुरात एका गूळ व्यापाऱ्याकडे ही गाडी होती. पांढुरकी, आतून तपकिरी, मागच्या काचेला पडदे. ती वळणावर आली की आम्ही पोरं खेळ थांबवून बघायचो, कारण ॲम्बेसेडर आणि फियाटच्या गर्दीत तिचं नाक फारच लांब आणि खाली होतं. आठवण एवढीच.

माझा पेशा दातांचा. म्हणजे डॉक्टरकीचा नव्हे, डेंटल लॅबचा. कवळ्या, कॅप, ब्रिज. त्यामुळे मॉडेलच्या दुनियेत लोक परदेशातून मागवतात ती निम्मी हत्यारं माझ्या टेबलावर आधीच होती. दात तपासायचा बाकदार प्रोब दारांच्या फटी कोरायला उत्तम. आणि फटी कोराव्या लागतातच. प्रायमर, रंग आणि वरचं क्लिअर असे थर चढले की दाराची रेघ बुजते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. रंगाच्या आधी रेघ खोल केली तर नंतर ती बेताची उरते.

व्हिटेसचा हा डबा ऐंशीच्या दशकातलाच, एका संग्राहकाकडून घेतलेला. डिकल, म्हणजे गाडीवर चिकटवायचे छापील तुकडे, पिवळे पडलेले. ते पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवले की ऊन हळूहळू पिवळेपणा खातं. मला त्यातले फार थोडे लागणार होते, तरी लावून ठेवले. जुनी वस्तू सुधारताना दिसली की हात आपोआप जातो.

तामियाच्या गाड्यांचा कणा म्हणजे मोजमाप. शिझुओकाच्या या कंपनीचे शुनसाकु तामिया यांनी पोर्शे ९३४ चं मोठं मॉडेल नीट जमावं म्हणून खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती खोलून पाहिली, ही या छंदातली आवडती गोष्ट. प्रमाणाचं गणितही सोपं आहे: एकास चोवीस म्हणजे अर्ध्या इंचाला एक फूट. अमेरिकन कंपन्यांनी एकास पंचवीस का धरलं यावर आमच्यात न संपणारे वाद होतात, त्यात मी पडत नाही. पण प्रमाण एकदा डोक्यात बसलं की ते सोडत नाही. खऱ्या गाडीच्या दाराची चार मिलिमीटरची फट इथे मिलिमीटरचा सहावा हिस्सा होते. मेटॅलिक रंगातला चुरा याच हिशेबात फारच जाडाभरडा दिसतो, म्हणून गाड्यांच्या दुकानातला मेटॅलिक मी मॉडेलवर कधीच मारत नाही. गूळवाल्यांची गाडी साध्या रंगाची होती हे माझं नशीब.

चाकांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. जुने फोटो समोर ठेवून आधी एकच चाकाची टोपी केली, प्लॅस्टिकच्या पत्र्यातून. मग कवळीसाठी हिरडीचा ठसा घेतात त्याच सिलिकॉन पुटीत तिचा ठसा घेतला आणि सेल्फ क्युअर ॲक्रिलिक ओतून बाकीच्या काढल्या. ॲक्रिलिक घट्ट होताना गरम होतं आणि किंचित आकसतं. कवळीत तो किंचितपणा माणसाला टोचतो, इथे कुणाला कळत नाही. काम तेच, फक्त तक्रार करायला तोंड नाही, ही या छंदातली मोठी सोय.

रंगाला घाई नव्हती. परदेशी मॉडेलचे लॅकर ज्वालाग्राही, विमानानं सहसा येत नाहीत. म्हणून मोटारींच्या रंगाच्या दुकानात थोडासा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मिसळून घेते. पावसाळ्यात तो मारण्यात अर्थ नाही: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग धुरकट पडतो. आणि कोल्हापूरचा पाऊस म्हणजे भिंतींनाही ओल. तेव्हा जून ते सप्टेंबर घासकाम. साच्याच्या दोन भागांची रेघ टपावरून आणि मडगार्डवरून वॉटर पेपरनं उतरवायची, आधी सहाशे नंबर, मग हजार, मग दोन हजार, सगळं पाण्यात. ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर प्रायमर, तोही धुक्यासारखा, पातळ. उघड्या प्लॅस्टिकवर एनसी थिनर ओला बसला तर प्लॅस्टिकच चावतो.

पुढचं सगळं हौसेचं. हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा केला, तेव्हाच्या कायदेशीर धाकानं सगळे करायचे तसा. नंबरपाटी काळी, अक्षरं पांढरी. एमएच-०९ अजून जन्मायचा होता. साध्या प्रिंटरला पांढरं छापता येत नाही, म्हणून काळी पार्श्वभूमी छापून अक्षरांच्या जागी कागद कोरा सोडला आणि कडा काळ्या केल्या. पडदे टिश्यू पेपरचे, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून चुण्या पाडलेले. डॅशबोर्डवर दोन मिलिमीटरचा गणपती, लॅबमधल्याच गुलाबी ॲक्रिलिकचा. हिरडीचा रंग गणपतीला इतका शोभेल असं वाटलं नव्हतं.

गाडी झाली तेव्हा शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे नेली. वय ऐंशीच्या घरात, गूळवाल्यांच्या गाडीचं काम त्यांच्याच हातून व्हायचं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गाडी डोळ्यांच्या रेषेत धरली आणि खालून पाहिली.

“उंची बरोबर धरलीस. बॉनेट उघडतं का?”

“नाही मामा. आत इंजिन केलेलं नाही.”

“इंजनाचं काय घेऊन बसलीस. ते इथं कुणीबी चालू करून दिलं असतं. लाइनर, पिस्टन, लागंल ते लेथवर करून घ्यायचो. ट्रॅक्टरचंच इंजन ते.” मग त्यांनी पुढच्या काचेवर बोटाचं नख हळूच वाजवलं. “दुखणं हितं होतं. काच फुटली की संपलं. मद्रासला निरोप, तिकडनं उत्तर न्हाई. शेठ चार महिने मुंबईला गेले नाहीत एका काचेपायी.”

मी म्हटलं, “मामा, यातही काचच अवघड.” आणि सांगितलं की फेव्हिक्विकचा थेंब जरी जवळ गेला तरी त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी पुटं चढतात, आणि मॉडेलच्या जुन्या डब्याची दुसरी काच कुठून आणायची?

“मग ही कशानं लावलीस?”

“फेव्हिकॉलनं. वाळला की पारदर्शक होतो.”

मामा जोरात हसले आणि आतल्या पोराला हाक मारून म्हणाले, “बघ रे, शेठची काच शेवटी फेव्हिकॉलनं बसली.”