वारा अडवणारा शब्द

मराठीत शांततेसाठी शब्दांना तोटा नाही. सामसूम, शुकशुकाट, चिडीचूप, मौन. पण या सगळ्यांतून आवाज गेलेला असतो. ‘निवांत’मधून तो जावाच लागतो असं नाही. ‘गप्प बस’, ‘शांत बस’ या दटावण्या. ‘निवांत बस’ म्हणणारा मात्र पाठोपाठ चहा टाकायला सांगतो. दवाखान्याच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असतं, ‘निवांतपणा राखा’ कधीच नसतं. आणि ‘निवांत बोलू’ या दोन शब्दांनी तर निकालच लागतो, कारण तिथे बोलणं हाच निवांतपणा आहे. मग या शब्दातून वजा काय झालं? माझ्या मते, वारा.

संस्कृतात ‘निवात’ म्हणजे वारा नसलेली जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला ज्या दिव्याची उपमा दिली आहे, तो अशाच जागी ठेवलेला आहे. अमरकोश याच शब्दाचे आणखी दोन अर्थ देतो: आश्रय, आणि शस्त्राने न भेदलं जाणारं चिलखत. (महाभारतात अर्जुनाने मारलेले निवातकवच दानव या चिलखताचे.) हे अर्थ शेजारी ठेवले की कळतं, वारा पडलाय एवढंच इथे अभिप्रेत नाही, तो बाहेर असेलही, पण मध्ये काहीतरी आड आलं आहे.

घोटीकडच्या माणसाला यासाठी कोश उघडायला नको. इगतपुरी तालुक्यातली ही भाताची पेठ घाटमाथ्यावर वसलेली. कोकणातून चढून आलेला पावसाळी वारा इथे जोर धरूनच असतो. शांतता म्हणाल तर गावाच्या नशिबी ती फारशी नाही: मुंबई-आग्रा रस्ता आहे, 1865 पासून थळ घाट चढून येणारी रेल्वे आहे, भाताच्या गिरण्या आहेत. आणि आवणीच्या दिवसांतलं इरलं पाहा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पूर्वी पानं, आता प्लास्टिकचा कागद. डोक्यावरून पाठीवर उतरलेलं, म्हणजे वाकूनही दोन्ही हात रोपांना मोकळे. पाऊस त्यावर असा ताडताड वाजतो की शेजारणीशी ओरडूनच बोलावं लागतं. पण पाठीला झड लागत नाही. अमरकोशाचे तिन्ही अर्थ त्या एका इरल्याखाली मावतात.

व्युत्पत्तीवर पहिला आक्षेप अनुस्वाराचा: निवातचं निवांत झालं कसं? मला वाटतं, संगतीने. शांत, एकांत, निश्चिंत यांच्या पंक्तीला रोज बसणाऱ्या शब्दाला त्यांचा नाद लागणं अगदी स्वाभाविक आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. ‘निवणे’ हे क्रियापद मराठीत आहेच, मग निवांत त्यातूनच का येऊ नये? पण निवतं ते आधी तापलेलं: दूध, भात, राग. निवांत व्हायला आधी तापावं लागत नाही. शिवाय निवणेही ‘वा’, म्हणजे वाहणे, या धातूच्याच कुळातलं. ते संस्कृत ‘निर्वा’चं, विझण्याचं, वंशज. निर्वाण त्याचाच भाऊ. घोटीजवळच इगतपुरीला 1976 पासून धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरं भरतात. दहा दिवसांचं शिबिर, त्यातले पहिले नऊ दिवस आर्य मौनाचे, खाणाखुणाही वर्ज्य. त्या परंपरेचं अंतिम ध्येय निर्वाण, म्हणजे ज्योत विझणं. निवात जागी ज्योत विझत नाही, स्थिर जळते. मुळं एका धातूत असली तरी दोन शब्दांच्या वाटा इथे उलट्या जातात, आणि संसारी मराठीने रोजच्या वापराला जळत्या दिव्याचा शब्द उचलला, यात मला तिचा शहाणपणा दिसतो.

उरला आजचा वापर. ‘रविवारी निवांत भेटू’मध्ये वारा कुठे? तिथे सवड आहे, हे खरं. पण मराठीत वारा कधीच नुसती हवा नव्हता. निराधार करणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं. शहराचं वारं लागतं. नको असलेल्याच्या वाऱ्याला आपण उभं राहत नाही. बाहेरून येऊन माणसाला हलवणारं जे जे काही, त्याला या भाषेने वारा म्हटलं आहे, आणि घाई त्यातलीच. ‘काय चाललंय?’ला ‘निवांत’ म्हणणाऱ्याच्या मागे गिरणी धडधडत असेल, डोक्यावर हप्त्याची तारीखही असेल. ती अजून त्याच्या अंगाला लागलेली नसते, एवढंच.