मायची मूठ

गुरुकुंज मोझरीच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बायांची बोटे हेच त्यांचे भांडवल. आमच्या मायचे तेच भांडवल बुडू लागले. पहाटे मूठ वळेना, भाकर थापवेना. हात मोकळे व्हायला तासाच्या वर वेळ लागे. दोन्ही मनगटे सारखीच सुजलेली. "वय झालं," असे शेजारी म्हणत. माय तर अवघी बेचाळीस वर्षांची! कुणी बिब्ब्याचा चटका सुचवला, कुणी बिननावाची पुडी. अशा पुडीत स्टिरॉईड असू शकते. दुखणे दबते, रोग मात्र वाढतच राहतो.

मजुरी बुडवून आम्ही नागपूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासून ते म्हणाले, "ही झीज नव्हे, हा आमवात. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते." पुणे जिल्ह्यातील भिगवणला १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला हा रोग आढळला. बायांना तो अधिक होतो.

मायला मेथोट्रेक्झेट सुरू झाले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतल्यास जिवावर बेतते. म्हणून आम्ही वार ठरवून कॅलेंडरवर खूण करतो. सोबत फॉलिक ॲसिड आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. गुण दिसायला दोन महिने लागले. आता माय भाकरी थापते.

भगिनींनो, वाकडे झालेले बोट गोळीने सरळ होत नाही. सांध्यांची सूज आणि सकाळचा ताठरपणा सहा आठवडे टिकला, तर वयाला दोष देत बसू नका. डॉक्टरांना हात दाखवा.