साध्या आठवड्यात ये

प्रिय छकुले,

फेब्रुवारीत, ना सण ना सुट्टी अशा आठवड्यात, आईच्या ऑफिसच्या कामाच्या निमित्ताने तू शाळा बुडवून आमच्याकडे आलीस. तुझ्या वर्गशिक्षिका रागावल्या असतील. मला मात्र इतका आनंद झाला, की तो फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

एरवी तू दिवाळीत येतेस नाहीतर मे महिन्यात. दिवाळीत घर माणसांनी भरलेलं असतं आणि तू मला स्वयंपाकघराच्या दारातूनच काय ती दिसतेस. चकलीचा घाणा कढईत असताना कुणाशी दोन शब्द बोलणार? मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या घरात. सकाळी दहाच्या आत दारं-खिडक्या लावायच्या, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि संध्याकाळपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. त्यामुळे इतकी वर्षं तू नागपूरला येत होतीस, पण आमचं नागपूर तू पाहिलंच नव्हतंस.

या वेळी मात्र एक दिवस तू, मी आणि तुझे आजोबा असे आपण तिघं नागपूर बघायला निघालो, तेव्हा आबांनी स्वेटर घालावा की नाही यावर किती वेळ घातला! शेवटी हातात घेतला आणि दिवसभर तसाच मिरवला. सुभाष नगर स्टेशनवर लिफ्टने वर गेलो. ही लिफ्ट माझ्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे ते तुला आत्ता कळायचं नाही. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून बसची पायरी चढायची म्हटलं की मी बाहेर जाणंच टाळायची. २०२० च्या जानेवारीत लोकमान्य नगर ते सीताबर्डी ही मेट्रो सुरू झाली, आणि कुणाला 'सोडतोस का रे' असं न विचारता मला पुन्हा बर्डीवर जाता यायला लागलं. म्हाताऱ्या माणसांची काळजी करावी, पण त्यांना घरात बसवू नये, हे मी तुझ्या मामालाही सांगते. जिना नको असतो, फिरणं हवंच असतं.

गाडी अंबाझरीपाशी आली आणि एका बाजूला तलावाचं पाणी दिसलं, तेव्हा तू दाराच्या काचेला नाक लावलंस. नाग नदी या तलावाच्या खालून शहरात शिरते आणि नागपूर हे नाव तिच्यावरूनच पडलं, असं आबांनी सांगितलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीच्या पावसात हाच तलाव ओसंडून वाहिला आणि कितीतरी घरांमध्ये पाणी शिरलं, हे मात्र तुला मी सांगितलं. आपल्या गावाची चांगली गोष्ट कळावी तशी अवघडही कळावी.

सीताबर्डीला गाडी बदलून आपण कस्तुरचंद पार्कला उतरलो. आता तिथल्या पोह्यांबद्दल लिहिलं नाही तर तू रुसशील. प्लेटमध्ये आधी वाफाळते पोहे, त्यावर चण्याची लालभडक तर्री, तवंगासकट. मग मूठभर चिवडा, बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. "अजून तर्री टाका ना काका," असं तू म्हणालीस, तेव्हा पोहेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, पोरीले झोंबन जी." झोंबलीच. नाक-डोळे गळत होते, कान लाल झाले होते, पण प्लेट तू पुसून खाल्लीस. नागपूरचं रक्त आहे हो, असं आबा त्याला अभिमानाने सांगत होते.

तिथून अजब बंगला जवळच. पाटीवर मध्यवर्ती संग्रहालय लिहिलेलं असलं तरी माझ्या आजीपासून सगळे त्याला अजब बंगलाच म्हणतात. १८६३ चं आहे ते, रिचर्ड टेम्पल इथे चीफ कमिशनर होते तेव्हाचं. मी तुझ्याएवढी असताना वडिलांचं बोट धरून तिथे जायची आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांना बिचकून वडिलांच्याच मागे लपायची. तू लपली नाहीस, उलट प्रश्नांनी आबांना घाम फोडलास! पण तिथे तुला सगळ्यात आवडली ती गुंगेरिया गावातल्या ठेव्याची गोष्ट. १८७० मध्ये बालाघाट भागात गुरं राखणाऱ्या दोन पोरांना मातीत तांब्याची वस्तू सापडली. तिथे खणलं, तर तांब्याची शेकडो हत्यारं आणि चांदीचे पातळ पत्रे निघाले. काही पत्रे चक्क बैलाच्या डोक्याच्या आकाराचे, खाली वाकलेल्या शिंगांचे. एवढा मोलाचा ठेवा गुराख्याच्या पोरांना सापडावा, याचंच तुला केवढं कौतुक! परतीच्या गाडीत तू शेजारच्या अनोळखी बाईंनाही ती गोष्ट सांगितलीस आणि त्यांनी उतरायचं स्टेशन येईपर्यंत मन लावून ऐकली.

बर्डीवर हातगाडीवरून घेतलेली संत्री आपण गच्चीत बसून खाल्ली. आबा देठाकडे अंगठा रुतवतात, सालीची एक लांब पट्टी काढतात, मग फोडीवरचा पांढरा दोरा न् दोरा सोलून फोड पुढे करतात. तू विचारलंस, दिवाळीतल्यापेक्षा ही गोड कशी? अगं, तू दिवाळीत खातेस ती आंबिया बहाराची. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास त्या झाडांना फुलं येतात. ही मृग बहाराची. मृगाच्या पावसानंतर फुलतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताशी येतात. फक्त दिवाळीत आणि मे महिन्यात येणाऱ्या नातीला ती कधी मिळायचीच नाहीत.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे, बाळा. सणाला ये, सुट्टीत ये, पण वर्षातून एकदा अशीही ये, जेव्हा घरात काहीच विशेष नसतं. मी भाजी निवडत असेन, आबा पेपर वाचत असतील, दुपारी डुलकी लागेल. तुझ्या आजीआजोबांचं आयुष्य बहुतेक असल्याच दिवसांचं आहे, आणि त्यात तू हवीस असं फार वाटतं. आता पुण्याहून इथल्या अजनी स्टेशनला येणारी वंदे भारतही सुरू झाली आहे, बारा तासांत दिवसाउजेडी पोचते.

आबांचा निरोप असा, की प्रजापती नगरपर्यंतची मेट्रो आणि महाराजबागेतली हरणं राहिलीत. पत्र आईला वाचून दाखव, शाळेच्या परीक्षा कधी आहेत ते बघायला सांग, आणि दोन-चार तारखा कळव. मामाला मी तिकिटांचं सांगून ठेवते.

तुझी,
आजी