बोरिवलीची थंडी

जानेवारी. पहाटे राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी पारा १५च्या आसपास असावा. फिरायला आलेले सगळे कानटोपीत, चहावाल्यानं स्वेटरवर शाल गुंडाळलेली.

संध्याकाळी भाच्याचा लेस्टरहून फोन. २ अंशांत तो नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधत होता, तेही हातमोजे काढून. चिखलात बोटं घातल्याशिवाय नाणं हाती लागत नाही. "मामा, १५ला काय थंडी म्हणता?"

म्हणतो, आणि त्यात लाज कसली? हवामान खातंसुद्धा थंडीच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली धरतं. किनाऱ्यावर मात्र पारा १५ किंवा खाली आणि सरासरीहून साडेचार अंशांनी कमी असला, तरी पुरे. अंगाला सवय दमट उकाड्याची, घरं वारा खेळावा म्हणून बांधलेली. भाच्याला दार लोटलं की हीटर आहे. इथं घरातही तीच गार फरशी.

२२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली. त्या रात्री पत्र्याच्या छपराखाली लोकांनी काय केलं असेल? आजही स्टेशनबाहेर उघड्यावर झोपणाऱ्यांना १५ अंश बोचतातच. सोसायटीत ब्लँकेटं गोळा करायचं उद्याच काढतो.