न चिडणारा मास्तर

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की मोठ्यांच्या बैठकीत दोनच सूर लागतात: नोकऱ्या जाणार, नाहीतर देश पुढे जाणार. पोरांना विचारलं तर भलतंच निघतं. अमरावतीच्या एका शाळेत आठवीतली मुलगी म्हणाली, "थे चिडत नाही ना सर! एकच गोष्ट चार खेपा इचारली तरी सांगते." सगळ्या वर्गानं माना डोलावल्या.

कौतुक मोबाइलमधल्या यंत्राचं होतं, पण टोला आम्हा शिकवणाऱ्यांना बसला. भरल्या वर्गात 'समजलं नाही' म्हणायला धीर लागतो. मास्तर डाफरतील, मागचा बाक फिदीफिदी हसेल. मोबाइलपुढे अडाणी ठरायची भीती नाही. म्हणून पोरं तिथं मोकळेपणानं विचारतात.

तरी ही पोरं भाबडी नाहीत. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या नववीच्या एका मुलानं हरभऱ्यावरचा प्रकल्प यंत्राकडून लिहून घेतला होता. उत्पन्न वाढवायचं तर बोअर घ्या, तुषार सिंचन करा, असं त्यात छान मुद्देसूद आलं होतं. समासात मात्र पोरानं पेन्सिलीनं लिहिलेलं: 'आमच्याकडे बोअरचं पाणी खारं. दिलं तर जमीन चोपण होते. आबांनी सांगितलं.' पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्यापर्यंत पसरलेल्या या पट्ट्याचं दुखणं त्या तीन वाक्यांत आलं होतं.

मला त्यातलं शेवटचं वाक्य मोलाचं वाटतं, कारण माहिती कोणी दिली हे पोरानं नोंदवलं. ही सवय आपल्याकडे जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं, त्यांना गाठून म्हाइंभटांनी एकेक आठवण मिळवली आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतली. कोण म्हणालं, कोणी पाहिलं, याची चौकशी मराठी गद्याच्या पायातच आहे.  यंत्राचं उत्तर कितीही गुळगुळीत असलं, तरी त्यामागे चोपण जमीन तुडवलेला माणूस कोण, हे कळत नाही.

यंत्र आता वर्गाबाहेर जायचं नाही. त्याची सबुरी आम्ही घ्यावी आणि 'तुला कोणी सांगितलं?' असं पोरांनी त्याला दरडावून विचारावं. तूर्त त्या पेन्सिलीच्या ओळींना गुणपत्रिकेत रकाना नाही. खरे गुण तिथंच द्यायला हवेत.