‘कंट्रोल करस’

एस.ई.च्या ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ‘गव्हर्नर काय करतो?’ उत्तर पाठ होतं. पण घाबरलो आणि तोंडातून गेलं, ‘सर, स्पीड कंट्रोल करस.’ झालं! जळगावच्या होस्टेलवर माझं नावच ‘कंट्रोल करस’ पडलं.

मी धुळ्याकडच्या खेड्यातला, घरी अहिराणी. त्या दिवसापासून प्रत्येक क्रियापद आधी मनात तपासायचो, मग बोलायचो. आईचा फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात. (लाज आता वाटते.)

टी.ई.ला फ्रेंचच्या क्लासला गेलो, तो निव्वळ रेझ्युमेत एक ओळ वाढावी म्हणून. मॅडमनी ‘बोलणे’ हे क्रियापद फळ्यावर चालवलं. मी, तू, तो, ते... स्पेलिंगं तीन प्रकारची, पण म्हणताना सगळीकडे ‘पार्ल’! ‘ते’च्या रूपात शेवटी ई-एन-टी लिहायचं आणि चक्क गिळून टाकायचं. फक्त ‘आम्ही’ला ‘पार्-लों’ आणि ‘तुम्ही’ला ‘पार्-ले’ असे दोन तुकडे पडतात. वर्ग वैतागला. मग कोण बोलतंय ते कळणार कसं? मॅडम म्हणाल्या, म्हणूनच तिथे कर्ता गाळता येत नाही.

मी मात्र वहीच्या कोपऱ्यात लिहीत होतो : मी करस, तू करस, तो करस. अरे, हे तर आमचंच! प्रमाण मराठीत नुसत्या ‘करतोस’वरून ‘तू’ कळतो, नुसत्या ‘करस’वरून नाही. अनेकवचनात तर आम्ही फ्रेंचांच्या एक पाऊल पुढे. ‘ते करतस’ कानालाही वेगळं लागतं. मोठ्यानं म्हणून पाहा, शब्द तुटण्याची जागासुद्धा सरकते : क-रस, पण कर-तस. शेवटचा ‘अ’ दोन्हीकडे लिहायचा, म्हणायचा नाही. आणि फ्रेंचांच्या मुक्या अक्षरांना हसणाऱ्यांनी आपलं ‘करतो’ म्हणून बघावं. अक्षरं तीन, ठोके दोनच!

ग्रिअर्सनसाहेबांनी भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीची ही रूपं व्याकरणासकट छापली, तो खंड १९०७ चा. म्हणजे माझं ओरलचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच नियमात बसलेलं होतं. मार्क गेले ते गेलेच, असो.

त्या रात्री आईचा फोन रूममध्येच घेतला.

‘काय करी ऱ्हायना?’

‘फ्रेंचना अभ्यास करस,’ मी मोठ्यानं म्हणालो.

रूम पार्टनरनं पुस्तकातून मान वर केली. पण बोलला काहीच नाही.