नापिकीतले सोबती

अकोल्याच्या उन्हाळ्यात दिवस मावळल्यावरच माणसं बाहेर पडतात. ज्या वर्षी माझी झोप उडाली होती, अन्नावरची वासना गेली होती, त्या वर्षी माझा मित्र रोज त्याच वेळी दारात गाडी उभी करायचा. "चाल ना बावा, चहा घेऊ." उपदेश एका शब्दाचाही नाही. बशीतल्या चहावर फुंकर घालत तो सरकी-ढेपेचे भाव सांगायचा आणि मधेच विचारायचा, "झोपला होता काय रात्री?" मी "हो" म्हणायचो. तो थोडा वेळ गप्प राहायचा, मग पुन्हा तेच विचारायचा. त्या दुसऱ्या वेळी मला खोटं बोलवत नसे.

संध्याकाळी कुणी येणार आहे, म्हणून अंघोळ करावी, धुतलेला सदरा घालावा, असं वाटू लागलं. सावरण्याची सुरुवात तिथून झाली. पुढे त्यानंच मला एसटीनं अमरावतीला डॉक्टरांकडे नेलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा परत फिरावं असं मनात आलं होतं. पण तो शेजारी बसलेला होता. औषध डॉक्टरांनी दिलं, त्यांच्या दारापर्यंत मैत्रीनं पोचवलं.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या याच अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पानं ३० गावांत हीच वाट धरली. गावातल्याच माणसांना नैराश्य ओळखायला, ऐकून घ्यायला, धीर द्यायला शिकवलं. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिकडे झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना बाकावर बसवून दुखावलेल्यांचं ऐकायला लावलं. आपल्याकडे त्यासाठी पार आहे, ओटा आहे.

कर्जानं वाकलेला माणूस आधी पारावर यायचं सोडतो. तो दिसेनासा झाला की त्याच्या घरी जावं. गरज वाटली तर १४४१६ हा 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर त्याच्याजवळ बसूनच लावावा. आणि मैत्रीसाठी वेळ सुगीतच काढून ठेवावा, कारण नापिकीच्या वर्षी नवा सोबती जोडण्याइतकं बळ कुणाच्याच अंगात उरत नाही.